व्यवसाय कर: १५ हजारवाल्याला आणि २ लाखवाल्याला सारखाच?

प्रश्न: सांगली मार्केट यार्डात अडतीवरच्या दिवाणजीला पगार १५ हजार, राज्याच्या व्यवसाय करापोटी महिन्याला कापतात २००. २ लाखवाल्या मॅनेजरचेही २००च. हा कुठला न्याय?

उत्तर १: महिना १० हजारांच्या वर सगळे पुरुष एकाच पायरीवर. ११ महिने २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. दिवाणजीच्या पगाराचा १.३९ टक्के, मॅनेजरचा जेमतेम ०.१०. मॅनेजरकडून जास्त घ्यायचं म्हटलं तरी राज्याचे हात बांधलेले: घटनेच्या कलम २७६ मध्येच २,५०० ची कमाल मर्यादा आहे, १९८८ पासून तीच.

उत्तर २: बायकांना एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफी आहे. पगारपत्रक बघा, सॉफ्टवेअरमध्ये जुनाच स्लॅब राहिला की कपात चालूच राहते.

उत्तर ३: वरची मर्यादा दिल्लीच्या हातात, मान्य. खालची पायरी तर मुंबईच ठरवते ना? मग २५ हजारांची सूट पुरुषांनाही द्यायला काय हरकत आहे?