रस्ट भाषेत गेटलाइन (एकेक ओळ वाचून देणारं फंक्शन) लिहितोय, कीबोर्डवरून चालतं पण फाइल दिली की दुसरी ओळ भलतीच येते

कोथरूड_रस्ट:
नमस्कार मंडळी, मी कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहे, इथेच पुण्यात. सी ची स्टँडर्ड लायब्ररी थोडीथोडी रस्टमध्ये स्वतः लिहून बघतोय, म्हणजे सी चा प्रोग्राम माझ्या फंक्शनांशी लिंक करायचा. मॅलॉक आणि फ्री (मेमरी मागणं आणि परत सोडणं) अजून सिस्टीमचेच आहेत. आता गेटलाइनपाशी चार दिवस अडकलोय.

टेस्टसाठी पीएमपीच्या स्टॉपची नावं मराठीत टाइप करून एक फाइल केलीये, ३४२ ओळी, साधारण १२ केबी. कीबोर्डवरून नावं टाकली तर कितीही ओळी टाका, सगळं बरोबर. तीच फाइल रिडायरेक्ट केली की पहिली ओळ स्वारगेट नीट येते, दुसरी मात्र एकदम फाइलच्या दोन तृतीयांश भागातली कुठलीतरी, तीपण अर्धी तुटलेली, सुरुवातीला ते प्रश्नचिन्हाचं चिन्ह, आणि तिसऱ्यांदा सरळ -१, म्हणजे फाइल संपली. मला वाटलं यूटीएफ-८ चा (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) घोळ असणार म्हणून रस्टचं रीड लाइन काढून रीड अनटिल लावलं, आता नुसते बाइट वाचतो, तरी तेच.

आत असं केलंय: माझ्या फाइल स्ट्रक्टमध्ये फक्त डिस्क्रिप्टरचा, म्हणजे उघडलेल्या फाइलला सिस्टीमने दिलेला, नंबर आहे. गेटलाइनमध्ये त्या नंबरवरून रस्टची फाइल बनवतो (मॅन्युअली ड्रॉपमध्ये, नाहीतर ती संपताना डिस्क्रिप्टरच बंद करते), तिच्यावर बफ रीडर (मोठा तुकडा एकदम वाचून ठेवणारा), मग सी कडून आलेल्या पॉइंटरचा फ्रॉम रॉ पार्ट्सने व्हेक (रस्टची वाढणारी यादी), त्यात ओळ वाचायची आणि पॉइंटर आणि लांबी परत द्यायची. आधी डबल फ्री डिटेक्टेड येऊन प्रोग्राम पडायचा, मेम फर्गेट (व्हेकची जागा आपोआप सोडू नको असं सांगणारं) लावल्यापासून पडत नाहीये. प्लीज कोणीतरी बघा.

पाषाण_टेकडी:
यूटीएफ-८ चा काही संबंध नाही रे. तू दर कॉलला नवीन बफ रीडर बनवतोयस, चूक तिथे आहे. तुला हवी असते एक ओळ, पण बफ रीडर एका दमात ८१९२ बाइट उचलतो, त्यातले स्वारगेटचे २५ बाइट तू घेतोस आणि फंक्शन संपलं की उरलेले सगळे रीडरबरोबर टाकून दिले जातात. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या, लेखी मात्र ते वाचून झालेत. म्हणून पुढचा कॉल ८१९२ च्या पुढून सुरू होतो, देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइटचं, तू नेमका त्याच्या मध्येच पडलास म्हणून ते प्रश्नचिन्ह. त्या कॉलला राहिलेले चारेक केबी पण उचलले गेले, मग तिसऱ्यांदा काय उरणार?

कीबोर्डवर चालतं कारण टर्मिनल नेहमीच्या मोडमध्ये एंटर दाबेपर्यंत ओळ धरून ठेवतं आणि एका रीडला एकच ओळ देतं, त्यामुळे टाकून द्यायला मागे काही राहतच नाही. मी पण पूर्वी सिरियल पोर्टवर नेमकी हीच चूक करून दोन दिवस वायरी तपासत बसले होते.

बफर तुझ्या फाइल स्ट्रक्टमध्येच पाहिजे, सोबत दोन आकडे, कुठवर भरलाय आणि कुठवर वाचून झालाय. नवी ओळ शोधताना एकेक बाइट बघू नकोस, बफरच्या उरलेल्या भागावर मेमसीएचआर (ठरावीक बाइट शोधणारं फंक्शन) चालव, सापडली तर तिच्यासकट कॉपी कर, नाही तर सगळं कॉपी करून परत भर. आणि स्ट्रीमचं लॉक ओळीला एकदाच घे, बाइटला एकदा नको. आणि हो, गेटडेलिम (दिलेल्या चिन्हापर्यंत वाचणारं) लिही, गेटलाइन म्हणजे त्यालाच नवी ओळ हे चिन्ह देऊन केलेला कॉल.

नारायणपेठ_जुना:
ताईंनी बरोबर सांगितलंय, पण मला जास्त काळजी त्या मेम फर्गेटची वाटते. बाळा, ती मेमरी सी ची आहे. गेटलाइनचा करारच असा आहे की ती जागा मॅलॉकची असते, कमी पडली तर रिअॅलॉकने वाढवायची, आणि शेवटी फ्री करणार कॉलर, अगदी -१ आलं तरी. व्हेक ड्रॉप होताना जागा सोडत होता आणि मग सी चा फ्री तीच जागा परत सोडत होता, तुझा डबल फ्री तो. फर्गेट लावलंस खरं पण फर्गेटच्या आधी एरर येऊन फंक्शनमधून बाहेर पडलास तर व्हेक ड्रॉप होणारच.

शिवाय आज चालतंय ते केवळ रस्टचा डीफॉल्ट अॅलोकेटर (मेमरी वाटणारा भाग) लिनक्सवर आतून मॅलॉकच वापरतो म्हणून. जानेवारी २०१९ मध्ये रस्ट १.३२ आलं, त्याच्या आधी रस्टचे प्रोग्राम डीफॉल्टने जेमॅलॉक या वेगळ्या अॅलोकेटरवर चालायचे. उद्या तू किंवा दुसऱ्या कोणी अॅलोकेटर बदलला की सगळं कोसळेल. त्यामुळे व्हेक नकोच, सरळ सी चा रिअॅलॉक बोलाव.

दुसरं, लांबी वेगळी आणि जागा वेगळी. परत द्यायची ती लांबी, पण कॉलरने दिलेल्या एन मध्ये लिहायचा तो आकडा एकूण जागेचा. आणि रीड अनटिल शेवटचा शून्य बाइट लावत नाही, तुला लावायचाय, त्याची एक जागा आधीच धर, नाहीतर नेमका काठोकाठ भरला की एक बाइट बाहेर लिहिला जाईल. जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) १२० बाइटने सुरुवात करते आणि मग दुप्पट वाढवते, तसंच कर.

पाषाण_टेकडी:
काकांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एफगेट्स (ठरावीक आकाराच्या बफरमध्ये ओळ वाचणारं) लिहिशील तेव्हा अजून एक बघ, तिथे एन दिला तर जास्तीत जास्त एन वजा एक बाइट वाचायचे. बफर ८ चा असेल आणि ओळ "पुणे" असेल, म्हणजे १२ बाइट अधिक नवी ओळ, तर पहिल्या कॉलला ७ बाइट येणार, प, उकार आणि ण चा एक तुकडा. हे बरोबरच आहे, एफगेट्सला अक्षरं कळत नाहीत, तिथे तुकडा जोडायला जाऊ नकोस. आकार न विचारणारं गेट्स मात्र लिहूच नकोस, १९८८ चा मॉरिस वर्म (इंटरनेटवर स्वतःहून पसरलेला प्रोग्राम) फिंगर सर्व्हरमधल्या त्याच फंक्शनमधून आत शिरला होता आणि २०११ च्या सी स्टँडर्डमधून ते काढूनच टाकलंय.

कोथरूड_रस्ट:
ताई, काका, खरंच मनापासून थँक्यू. बफर स्ट्रक्टमध्ये नेला, व्हेक काढून रिअॅलॉक लावला, एन मध्ये मी लांबीच टाकत होतो ते पण सापडलं. व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) आता एकही एरर दाखवत नाही. पहिल्यांदा ३४१ च ओळी आल्या, कारण शेवटच्या निगडीनंतर मी एंटर दिलेलं नव्हतं आणि फाइल संपली की मी लगेच -१ देत होतो. आता हातात बाइट असतील तर आधी ते देतो, -१ त्याच्या पुढच्या कॉलला. ३४२ आल्या.