टूडी इकोला उपाशी जायचं का?

टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. या चर्चेत वर दोघातिघांनी 'टूडी इकोला उपाशीच जा' असं लिहिलंय, ते साध्या इकोला लागू नाही. छातीवरून करतात त्या तपासणीला खाऊनपिऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊन जाता येतं. घशातून नळी घालून करतात त्या इकोला मात्र साधारण ६ तास पोट रिकामं लागतं. माझ्या आईला डायबेटिस आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून ती सकाळपासून उपाशी बसली आणि नंबर यायच्या आधीच घाम फुटून हातपाय थरथरायला लागले तिचे.

आणखी एक, जे इथे कुणी लिहिलेलं नाही. डाव्या कुशीवर वळवून, गार जेल लावलेला प्रोब बरगड्यांच्या मधे चांगला दाबून धरतात. कमरेवरचे कपडे काढावे लागतात, तेव्हा पुढून उघडणारं काहीतरी घाला. बायकांना संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टर किंवा निदान सिस्टर आत हवी, असं नंबर लावतानाच सांगा. हे आधी ठाऊक असतं तर आई इतकी आक्रसून पडली नसती. आणि जुना रिपोर्ट न्याच! ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) आता ५० आली, तर ती आधी ६० होती की ४०, हे डॉक्टरांना बघायचं असतं.