अँपच्या फ्यूजला साडेसहा हजार! बोला मंडळी

वेळणेश्वरकर (धागा काढणारा):
माझा जुना इंटिग्रेटेड अँप (गाणी ऐकायचा अँप्लिफायर) आहे. मागे वायरच्या सॉकेटशेजारी २० मिलिमीटर लांबीचा काचेचा फ्यूज, बाजारात दहा रुपयांचा. मुंबईच्या मित्राच्या नादाने तिथे सोन्याचा मुलामा दिलेला परदेशी फ्यूज बसवला, साडेसहा हजारांचा. (घरी आकडा सांगितलेला नाही, इथे सांगतोय.) फरक आहे, आणि चांगलाच आहे. तानपुऱ्याची जवारी मोकळी झाली, खर्ज खाली बसला. फ्यूजवर बाण आहे, तो उलटा लावला तर आवाज पुन्हा आखडतो. आपल्या खाऱ्या हवेत तरी हे पैसे वाया गेले नाहीत असं माझं मत. पटत नसेल तर कारण द्या, टर उडवू नका.

जांभ्याची_भिंत:
टर नाही, हिशेब देतो. दोन अँपिअरच्या साध्या फ्यूजचा रोध फार तर ०.१ ओहम धरा. अँप एक अँपिअर खेचत असेल तर फ्यूजवर ०.१ व्होल्ट पडतं. आमच्याकडे संध्याकाळी मीटर १९५ व्होल्ट दाखवतो, पहाटे २४०. त्या ४५ व्होल्टचं तानपुऱ्याला काही नाही, आणि ०.१ चं आहे? राहिला बाण. घरातला करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटतो. बाण दाखवताय कोणाला?

माडाच्या_सावलीत:
एवढा सोपा हिशेब असता तर भांडण कशाला झालं असतं? अँपचा पॉवर सप्लाय करंट सलग ओढत नाही. कॅपॅसिटर (वीज साठवणारे डबे) भरायचे असतात तेव्हाच, लाटेच्या माथ्यावर, हिसक्याने ओढतो. फ्यूजची तार तापते-निवते, तिचा रोधही हलतो. आणि सोळकढी मुरली की नाही हे मीटर लावून बघता का?

जांभ्याची_भिंत:
तारेचा रोध हलतो हे कबूल. पण ते सगळं रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) आधी, आणि मग मध्ये ते एवढाले कॅपॅसिटर कशाला बसवलेत?

पाना_पक्कड (मालवण):
माका एक सांग, जुनो फ्यूज परत घालून बघलंस काय? (पुढचं प्रमाण मराठीत, नाहीतर बाकीच्यांका कळाचा नाय.)
तीस वर्षं दुरुस्ती करतोय. किनाऱ्यावरचा अँप उघडला की फ्यूज होल्डरच्या पट्ट्या काळ्या-हिरव्या पडलेल्या असतात. नवा फ्यूज दाबून बसवताना त्या घासल्या जातात, संपर्क सुधारतो. श्रेय मिळतं फ्यूजला. कॉन्टॅक्ट क्लीनरने पट्ट्या पुसून दहा रुपयांचाच परत लावा, मग बोलू. आणि पट्ट्यांवर कथलाचा मुलामा असेल तर त्यावर सोन्याचं टोक ही जोडी चांगली नव्हे. कंपनांनी कथील झिजून गंजतं, संपर्क उलट बिघडतो.
खरी भीती वेगळीच. फ्यूजवर छापलेलं वाचता का? ‘टी’ म्हणजे दमाने उडणारा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला तोच लागतो, कारण चालू करताना तो क्षणभर भरमसाट करंट घेतो. ‘एल’ असेल तर तो ३५ अँपिअर किंवा रेटिंगच्या दहापट, जे जास्त असेल तेवढाच शॉर्ट सुखरूप तोडतो. ‘एच’ १५०० पर्यंत. एका गिऱ्हाइकाच्या महागड्या फ्यूजवर यातलं काहीच नव्हतं. दोनदा उडाला म्हणून त्याने वरच्या रेटिंगचा घातला. ट्रान्सफॉर्मर जळून अख्ख्या खोलीत वास. घरच्या किटकॅटला (मीटरजवळच्या चिनी मातीच्या फ्यूजला) जाड तार गुंडाळणारे आणि हे, एकाच गोत्राचे.

वेळणेश्वरकर:
माझ्यावर टी आहे, बाकीचं बघतो. जुना परत लावून बघितला नव्हता, हे मान्य.

खाडीपलीकडे:
त्या पैशात अर्थिंग केलं असतंत. जांभ्याची जमीन मे महिन्यात ठणठणीत कोरडी, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातल्याशिवाय उपयोग शून्य. वळवाच्या विजा सुरू झाल्या की तुमचा सोन्याचा फ्यूज काय करणार? प्लग काढून ठेवा, फुकट आहे.

वेळणेश्वरकर (नऊ दिवसांनी):
पट्ट्या पुसल्या. भाच्याला बसवलं, त्याने मला न दाखवता फ्यूज बदलायचा किंवा बदलल्यासारखं करायचं, दर वेळी प्लग काढून. आठ फेऱ्या. पाच बरोबर ओळखल्या. पास!

जांभ्याची_भिंत:
नाणं उडवून उत्तरं दिलीत तरी तीनातून एकदा पाच किंवा जास्त येतात. आठात सात आले तर मी टोपी काढतो.

माडाच्या_सावलीत:
ही कसली परीक्षा? प्लग काढा, फ्यूज बदला, अँप पुन्हा गरम होऊ द्या, तोवर आधीचा आवाज लक्षात कोणाच्या राहतो?

जांभ्याची_भिंत:
मग पहिल्या दिवशी जवारी मोकळी झाल्याचं कसं कळलं?

वेळणेश्वरकर:
भाचा गणपतीला परत येतोय. सोळा फेऱ्या घेऊ. तोवर आत दहा रुपयांचाच आहे, काढायचा कंटाळा आला.