आगोटीचं (पावसाळ्याआधी भरायचं) सामान, बेगमी आणि ऐनवेळची फजिती: आपापले अनुभव

वाशिष्ठीकाठची:
काल आईचा जुना पत्र्याचा डबा घासायला काढला. तळाशी आठळ्यांची माती तशीच चिकटलेली. त्या वासाने हातातला काथ्या तिथेच राहिला. मृगाच्या आधी आईचं सगळं भरून व्हायचं: उकडे तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सुकट, सोडे (सुकवलेली कोलंबी), फणसाची साठं, खारातल्या कैऱ्या.
सासरी चिपळुणात सगळं तळमजल्यावरच्या कोठीत. २२ जुलै २०२१ ला पाणी शिरलं. तांदूळ, डाळी, सिलिंडर, सगळं बुडालं. माळ्यावर शिल्लक काय, तर पापड, कुरडया आणि आकाशकंदील! तळायचं कशावर? पन्हळीखाली पातेली लावून पाणी धरलं, शेजारच्या काकूंनी वरून पोह्यांची पिशवी सोडली, त्यावर दीड दिवस काढला.
आता माळ्यावर एक पिंप कायमचं. पोहे, चुरमुरे, गूळ, भाजलेले दाणे, सातूचं पीठ. चूल पेटली नाही तरी चालेल असंच सगळं. गणपतीनंतर खाऊन संपवते, मे महिन्यात पुन्हा भरते.
तुमच्याकडे काय करतात?

पावशेर:
आलोच, कुकर लावलाय.

मिरजेची माहेरवाशीण:
२०१९. सांगलीचा पूर. पोतंभर गहू जिन्यावरून ओढत वर नेला, पाठ धरली. वर गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, चक्की कोण चालवणार, कृष्णामाई? लाईट नव्हती ना!! तेव्हापासून दळलेलं पीठ ५ किलो वेगळं ठेवते. पावसाळ्यात जास्त टिकत नाही, जाळी धरते, म्हणून सारखं फिरवावं लागतं.

बार्शीचे अण्णा:
७२ साली मी दहा वर्षांचा. आमचं ज्वारीचं पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, तळाला गेलेलं. मग लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. भाकरी थापताना तुटायची, आई चिडायची. दुष्काळी कामावर सुकडी मिळे ती मात्र मला फार आवडायची, अजून आठवते. पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा. विझला तर कुणी आत उतरायचं नाही, आतली हवा माणूस घेते. आता आमच्याकडे पेवावर मोटारसायकली लावतात.

घाईगडबड:
काका, कंदिलाचं वाचून काटा आला. बाकी कुणी सांगा, तांदळाला बोरिक लावू का? किडे झालेत.

मिरजेची माहेरवाशीण:
नको गं, पोटात जातं ते. ऊन दाखव, चाळ, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाल. तूरडाळीला एरंडेल चोळ, शिजवताना धुऊन घे.

खारीबिस्कीट:
लॉकडाऊनला ह्यांना सामानाला पाठवलं. रांगेत दोन तास उभं राहून माणूस काय आणतो? १० किलो साबुदाणा. आषाढी आली तरी संपेना. मी अजून साबुदाण्याकडे बघत नाही.

डॅलसची वहिनी:
इकडे फेब्रु २०२१ च्या गोठवणीत वीज गेली आणि आमची शेगडी विजेची. डाळ-तांदूळ महिनाभराचे, शिजवणार कसे? दूध बाहेर बर्फात ठेवलं. दहीपोहे आणि आईचं मेतकूट, मुलं खूश. आता कॅम्पिंगची गॅस शेगडी आणलीये, पण ती घराबाहेरच पेटवायची, आत नाही.

घाईगडबड:
मेतकूट कसं करता? आणि @वाशिष्ठीकाठची, साठं वाचून तोंडाला पाणी सुटलं.

पावशेर:
सोड्यांचा भाव काय चाललाय सध्या? पुण्यात विचारलं तर आधी बसा म्हणाला.

वाशिष्ठीकाठची:
बसूनच ऐका. तिसऱ्या इयत्तेतल्या पोराच्या हातात पैसे देऊन पाठवायची वस्तू नाही राहिली ती.