प्रति: इस्ट्रोजेन म्हणजे कॅन्सरचं खाद्य

'इस्ट्रोजेन हे कॅन्सरचं खाद्य, तेव्हा रजोनिवृत्तीत हार्मोन नकोतच' असं वर दोघातिघांनी लिहिलंय. स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन पकडणारे रिसेप्टर आहेत असा) असेल तर मान्य. पण सरसकट सगळ्यांना हे लागू करणं पटत नाही. ज्या डब्ल्यूएचआय (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने ही भीती पसरली, तिच्यात २००२ साली थांबवला तो इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (दुसरं एक हार्मोन) एकत्र घेणाऱ्यांचा गट. गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं; त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, उलट कमीच दिसला. (पक्षाघाताचं प्रमाण मात्र वाढलं, तेही सांगायला हवं.)

स्तनाच्या कॅन्सरवर देतात त्या टॅमॉक्सिफेनबद्दल कुणीच लिहिलं नाहीये म्हणून सांगते. ही गोळी स्तनातल्या रिसेप्टरवर जागा अडवून बसते, पण गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेनसारखीच वागते, म्हणजे ते अस्तर वाढवू शकते. त्यामुळे ती चालू असताना, विशेषतः पाळी गेल्यानंतर, अंगावरून जरा जरी लाल गेलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच. आमच्या मावशीची गंमत वेगळीच झाली. याच गोळीने तिच्या अंगातून वाफा निघायच्या, रात्रीत दोनदा गाऊन बदलायची. एका डॉक्टरांनी त्यावर पॅरॉक्सेटिन (एरवी नैराश्यावर देतात ते औषध) दिलं. वाफा थांबल्या, मावशी खूश! पुढच्या तपासणीला कॅन्सरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी बघून ते बंद करायला लावलं, हळूहळू. टॅमॉक्सिफेनचं खरं काम करणारं रूप यकृतातल्या सीवायपी२डी६ या एन्झाइममुळे तयार होतं आणि पॅरॉक्सेटिन नेमकं तेच अडवतं. बदली व्हेन्लाफॅक्सिन हे तशाच प्रकारचं दुसरं औषध दिलं. तेव्हा जुन्या चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवा आणि न विचारता पुढे करा.