मदत हवी आहे: ओकायामातील जपानी कुटुंबाकडे जेवायला जायचे आहे

नमस्कार. माझा मुलगा दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त जपानमध्ये ओकायामा येथे राहतो. सिंहगड रस्त्यावरचे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान तिथल्या कोराकुएन बागेवरून बेतलेले असल्यामुळे आम्हा पुणेकरांना त्या शहराचे नाव परके नाही. येत्या ऑक्टोबरमध्ये मी आणि यजमान तिकडे जात आहोत आणि मुलाचे घरमालक असलेल्या सत्तरीच्या जोडप्याने आम्हाला एका संध्याकाळी जेवायला बोलावले आहे. टिप ठेवायची नाही, रेल्वेच्या डब्यात फोनवर बोलायचे नाही, एवढे मुलाने बजावून ठेवले आहे. प्रश्न आहेत ते घरातल्या वागण्याचे.

सर्वांत मोठी अडचण जेवणाची. आम्ही दोघे मासे तर सोडाच, अंडेही खात नाही. तिथल्या सूपमध्ये आणि शिजवलेल्या भाज्यांमध्येही बहुधा 'दाशी' असते आणि ती बऱ्याचदा सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून करतात. त्यामुळे नुसते 'मासे नकोत' असे कळवले, तर तुकडे टळतील पण अर्क राहील. कोम्बू या समुद्री शेवाळाची दाशी आम्हाला चालेल. मात्र पाहुण्याने स्वयंपाकाची कृती सांगायची, हे मलाच बरे वाटत नाही. दुसरीकडे, वाढलेले तसेच टाकणे तिथेही आपल्याइतकेच अशिष्ट मानतात. तेव्हा हे आधी कळवावे का, आणि मुलाने ते कोणत्या शब्दांत सांगावे?

भेट म्हणून बाकरवडीची छोटी पाकिटे नेणार आहे. चार पाकिटे द्यायची नाहीत, कारण जपानीत चारचा एक उच्चार 'शि' असा असून मृत्यूलाही तोच शब्द आहे, हे ठाऊक आहे. भेट दोन्ही हातांनी द्यायची, हेही ठाऊक आहे. पण ती आमच्यासमोर उघडली नाही, तर आवडली नाही असे समजायचे का? आमचे हे 'उघडा ना' असा आग्रह केल्याशिवाय राहणार नाहीत. शिवाय निघताना त्या बाईंना हळदीकुंकू लावावे, अशी माझी फार इच्छा आहे. जिथे अभिवादनही स्पर्श न करता वाकून करतात, तिथे कपाळाला बोट लावलेले चालेल का? की विचारणेच अवघड वाटेल?

पादत्राणे दारात काढणे आपल्या अंगवळणी आहे. परंतु स्वच्छतागृहाच्या वेगळ्या सपाता तिथेच ठेवून बाहेर यायचे आणि तातामीच्या चटईवर कोणत्याच सपाता चालत नाहीत, हा हिशेब मी यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. मोज्यांचे नवे जोडही आणले, कारण यांच्या रोजच्या मोज्यातून उजवा अंगठा नेहमी बाहेर डोकावतो.

जपानी घरी पाहुणे म्हणून गेलेल्यांनी किंवा पुण्यात जपानी शिकवणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. जेवणाचा निरोप कसा द्यावा, हे आधी सांगितल्यास बरे, कारण मुलगा येत्या रविवारी त्यांना भेटणार आहे.