ब्लॅक प्रिन्स: लढाया जिंकल्या, मुलूख घालवला

शिलेदार
एका ग्रुपवर काल पोस्ट फिरत होती: "राजपुत्र एडवर्ड, ब्लॅक प्रिन्स. एकही लढाई न हरलेला आदर्श योद्धा." खाली नुसते बदाम. गप्प बसवलं नाही. हा इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाचा थोरला मुलगा.

फ्रान्समधल्या क्रेसीच्या लढाईत (१३४६) स्वारी सोळा वर्षांची. आजूबाजूला मुरलेले सरदार, मागे बाप राखीव फौज घेऊन उभा, आणि खरं काम केलं ते धनुर्धाऱ्यांनी. प्वातिएची लढाई (१३५६) मात्र त्याचीच. फ्रान्सचा राजा जाँ जिवंत हाती लागला, त्याला तोड नाही. पण आदल्या वर्षाबद्दल पोस्टीत चकार शब्द नाही. १३५५ साली बोर्दोहून निघाला तो गावं जाळत थेट नार्बोनपर्यंत. कार्कासोनचा किल्ला घेणं जमणारं नव्हतं, म्हणून खालची वस्ती पेटवली. लोक खंडणी मोजायला तयार होते, तरी!

आणि स्पेनमधली नाहेराची लढाई (१३६७)? जिंकला, पण कुणासाठी? तिथल्या कास्तीलच्या राजा पेद्रोसाठी, ज्याने ठरलेले पैसे दिलेच नाहीत. मग कर्ज फेडायला अक्विटेनमध्ये, म्हणजे नैऋत्य फ्रान्समधल्या त्याच्या मुलखात, दर चुलीमागे कर. आर्मान्याक आणि आल्ब्रे हे सरदार तक्रार घेऊन थेट फ्रान्सचा राजा शार्ल पाचव्याच्या दारात. १३६९ ला पुन्हा युद्ध, आणि बापाने फ्रान्सशी केलेल्या ब्रेतिन्यीच्या तहात कमावलेला मुलूख पोराच्या कारभारात गळायला लागला. आदर्श म्हणे!

केंटवासी
एसीत बसून चौदाव्या शतकाला नैतिकता शिकवणं सोपं असतं. शत्रूचा महसूल बुडवणं हीच तेव्हाची युद्धनीती, सगळे तेच करायचे. आणि कर काही लहर आली म्हणून बसवला नव्हता, अक्विटेनच्या सभेने मंजूर केला होता. मी कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याच्या समाधीपाशी उभा राहिलोय. सोनेरी मुलाम्याचा पुतळा, अंगावर पूर्ण चिलखत, हात जोडलेले. मृत्युपत्रात तळघरातल्या मेरीच्या चॅपेलमध्ये पुरा म्हणाला होता, लोकांनी वर संत बेकेटच्या समाधीजवळ जागा दिली. नालायकाला देतात का?

पारावरची
राजाच्या थोरल्या पोराला देतातच. त्याला लायकी लागत नाही. १३७० ची लिमोज शहरातली कत्तल सोयीस्कर विसरलात वाटतं?

केंटवासी
वाटच बघत होतो! ३००० माणसं कापल्याचा आकडा त्या काळचा बखरकार फ्रुआसारचा, आणि त्याला तिखटमीठ लावायची सवय. राजपुत्राचं त्याच सुमाराचं पत्र उजेडात आलंय. त्यात २०० सरदार-शिपाई कैद केल्याचं आहे, कत्तलीचा उल्लेखच नाही. शिवाय माणूस इतका आजारी होता की डोलीतून न्यावं लागलं.

पारावरची
वा! स्वतःच्या पत्रात कोण लिहितं, "आज बायाबापड्या कापल्या, बाकी क्षेम"?

खडेवाला
नाहेरा निघालंच आहे तर सांगतो. पेद्रोने त्याला एक माणिक दिलं अशी परंपरा आहे, आज इंग्लंडच्या मुकुटात समोरच बसवलंय ते. फक्त ते माणिक नाही, स्पिनेल आहे, दिसायला माणकासारखा पण वेगळा खडा.

सातारी तडका
म्हणजे तिथेही फसवणूकच! आमच्या आईच्या गळ्यात सराफाने "अस्सल बर्मी माणिक" म्हणून अंगठी मारली. बाबांची तब्येत, भावाची नोकरी, सगळं त्या खड्यावर. शेवटी लॅबमध्ये नेली तर कृत्रिम स्पिनेल. सराफ वर तोंड करून म्हणतो, "गुण आला ना, मग?"

खडेवाला
ताई, कृत्रिम हा वेगळा मुद्दा. स्पिनेल म्हणजे खोटा खडा नव्हे. बदख्शानच्या खाणीतलं स्पिनेल मोगल जिवापाड जपायचे. डायक्रोस्कोपला, म्हणजे खड्यातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या छोट्या नळीला, डोळा लावा. माणिक फिरवलं की दोन चौकटींत दोन छटा दिसतात, एक जांभळट, दुसरी नारिंगीकडे झुकणारी. स्पिनेलमध्ये दोन्हीकडे एकच. दोन मिनिटांचं काम.

सातारी तडका
मग ती दोन मिनिटं गिऱ्हाइकासमोर का घालवत नाही तुम्ही लोक? तुमचंही दुकान दिसतंय.

खडेवाला
आहे. म्हणून काय सगळे चोर? तोंड सांभाळून बोला.

शिलेदार
अहो, धागा राजपुत्राचा आहे! ग्रहशांतीचा वेगळा काढा.

पारावरची
संबंध आहे की. अख्ख्या मोहिमेच्या बदल्यात एक खडा, तोही माणिक नाही.

केंटवासी
बरं बाई, कारभारी म्हणून कच्चा होता, घ्या लिहून, फ्रेम करा. पण मन बघा त्याचं. प्वातिएच्या रात्री कैदी राजाला त्याने स्वतः जेवण वाढलं.

शिलेदार
हेही फ्रुआसारच सांगतो, साहेब. लिमोजला तो तिखटमीठवाला आणि पंगतीला खरा साक्षीदार?